डाव्या पिळाचं लुगडं

वैशाखातल्या एका सकाळी आम्ही दोघं ओसरीवर सूत गुंडाळत बसलो होतो. मी दोन्ही हात पुढं धरलेले, हातांवर सुताची लड, अन् ती समोर बसून त्या लडीचा गुंडा करत होती. काम गड्याचं नाही, पण नांगरट उरकली होती, मी मोकळा होतो, म्हणून बसलो. सूत तिनंच दोन हिवाळे कातलेलं. रंगाऱ्याकडून आल नावाच्या झाडाच्या मुळाचा तांबडा रंग देऊन आणलेलं. ती डावरी होती, त्यामुळं गुंडा डाव्या हातानं फिरवायची. माझे हात भरून आले अन् खाली यायला लागले की म्हणायची, "हात खाली करू नका. गुंता होईल." तेवढंच बोलणं झालं. दुसरं बोलायचं काही नव्हतं. चौथ्या दिवशी तिला पटकी झाली अन् पाचव्या दिवशी ती गेली.

त्या सुताचं तिला लुगडं करून पाहिजे होतं. शिमग्यापासून म्हणत होती, एवढं कोष्ट्याकडं नेऊन द्या. मी म्हणायचो, नेतो. मग म्हणायचो, नांगरट होऊ दे. ती हसून म्हणायची, "मरताना माझ्या हातचं नेसून जाईन, एवढी घाई करा म्हंजे झालं." सूत गुंड्यांतच राहिलं अन् ती गेली.

पोरानं धावत जाऊन बाजारातून गिरणीचं कोरं लुगडं आणलं. हातात घेतलं तर पत्र्यावाणी कडक. बाया म्हणाल्या, चांगलं दणकट आणलं. ओढ्याकाठी नेल्यावर अंगावर पाणी घातलं, तशी त्यातली सगळी खळ सुटली. खळ म्हणजे कापड ताठ राहावं म्हणून लावलेली पेज. ती वाहून गेली अन् खाली कापड म्हणून जे उरलं ते माशीच्या पंखाएवढं. तिच्या डाव्या दंडावर तुळशीचं गोंदण होतं. त्या लुगड्यातून तुळशीचं पान न् पान मोजता येत होतं. चार माणसांत उघडी पडल्यावाणी झाली. मी माझं उपरणं वर टाकलं.

निघालो

पितरांच्या पंधरवड्यात नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात अन् तिला लुगडं देतात. मी ठरवलं की ह्या नवमीला द्यायचं ते तिच्या सुताचंच द्यायचं. नेसून गेली नाही, निदान तिच्या नावानं कुणी नेसावं. भाद्रपदाची पौर्णिमा उजाडली तरी सूत घरातच होतं. हातात नऊ दिवस.

नेकनूरच्या कोष्ट्यानं सूत हातात घेऊन परत दिलं. म्हणाला, "आबा, आता गिरणीचं सूत येतं बिंडानं. हातसूत कोण विणतंय? युसूफ वडगावला एक म्हातारा मोमीन हाय, कासम नावाचा. विणला तर तोच विणील."

सून म्हणाली, "बारा कोस कशाला पाय झिजवता? बाजारातनं एक आणा की."

मी म्हणालो, "बाजारातलं बघितलं."

तिनं मग पाच भाकरी, चटणी अन् कांदे बांधून दिले. सून वाईट नाही. तिलाही ते गोंदण दिसलं होतं.

आमच्याकडचं माणूस युसूफ वडगावला सहसा जात नाही. म्हणून वाटेचं थोडं सांगतो. नेकनूरहून केजला जाणारी सडक सरकारी आहे, पण भाद्रपदात तिच्यावरून बैल सुद्धा विचार करून चालतो. काळी माती. जोडा एकदा रुतला की पाय वर येतो, जोडा राहतो. मी पहिल्या कोसातच जोडे काढून काठीला अडकवले. दोन्ही बाजूंनी ज्वारी कमरेला आलेली, मूग तोडून झालेले. मधेमधे कपाशीचं रान. ह्या कपाशीला अजून दोन महिने तरी बोंड फुटायचं नाही. एरवी मी कपाशी पाहिली की किती निघेल हे बघतो. त्या दिवशी एवढंच मनात आलं, की हे फूल आज पिवळं आहे अन् कुणाच्या अंगावर जायचं ते त्याला ठाऊक नाही.

केजच्या अलीकडच्या ओढ्यावर पावसानं गाठलं. झाड नाही, खोपट नाही. ओढ्याच्या उतारावर एक धनगर मेंढरं अडवून उभा होता, डोक्यावर घोंगडीची खोळ. बिरू त्याचं नाव, नंतर कळलं. मी गठुडं पोटाशी धरून पळत होतो, ते बघून तो ओरडला, "आवं म्हातारबा, कावून पळताव? पाऊस सगळीकडं तेवढाच हाय."

मी म्हणालो, "पळतोय माझ्यासाठी न्हाई बे. गठुड्यात सूत हाय."

"आसं म्हणा की." त्यानं खोळ वर केली अन् हात पुढं केला. मला वाटलं मला आत बोलावतोय. त्यानं गठुडं घेतलं, पोटाशी धरलं अन् खोळ खाली सोडली. "तुमी भिजा. तुमी वाळताल."

तासभर मी पावसात उभा अन् माझं सूत घोंगडीत. मेंढरांचा वास, ओल्या लोकरीचा वास. मी म्हणालो, "ओलं न्हाई ना होणार?"

बिरू म्हणाला, "ही माझ्या बापाची घोंगडी. मेंढराला पाऊस लागतो का कवा? मग त्याच्याच लोकरीला कसा लागंल? अन् ऐका, घोंगडीला इटाळबी न्हाई. ह्याच्यावर बाळंतीण बसती, ह्याच्यावरच खंडोबाची तळी भरतो. सोवळं-ओवळं कापसाला, लोकरीला न्हाई. लुगड्याचं सूत हाय का?"

"हो."

"बायकूला?"

मी म्हणालो, "हो." खोटं नव्हतं.

पाऊस थांबल्यावर त्यानं गठुडं दिलं. कोरडं ठणठणीत, अन् गरम. कोंबडीखालून अंडं काढल्यावाणी. रात्री केजच्या देवळात पडलो अन् दुसऱ्या दिवशी ऊन कलताना युसूफ वडगावला पोचलो.

युसूफ वडगाव

गाव मोठं. बाजार मोठा, वाडे दगडी, मशिदीसमोर पिंपळ. मोमिनांची आळी विचारली तर लोकांनी कानानं जा म्हणून सांगितलं. खरंच, एका गल्लीत घराघरातून खट् खट् असा आवाज येतो. बहुतेकांच्या मागावर गिरणीचं सूत. शेवटच्या घरी आवाज नव्हता. म्हातारा कासम दारात बसून विस्तवावर हात शेकत होता. दाढी पांढरी, अंगठ्याला चिरा. शेजारी त्याची बायको अमीनाबी, डोक्यावर पदर घेऊन चिंध्या शिवत होती.

मी गठुडं पुढं ठेवलं. म्हणालो, नेकनुराकडून आलतो, लुगडं विणून पाहिजे, सप्तमीला परत निघायचंय.

कासमनं एका गुंड्याचं टोक काढलं, चिमटीत धरलं अन् अंगठ्यानं लाटलं. माणूस मिशीला पीळ देतो तसं. सूत आवळायच्या ऐवजी उकललं. त्यानं दुसरा गुंडा घेतला, तसंच केलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "बावा, कातनारी डाव्या हाताची थी क्या?"

मी त्याला तिच्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. कातणारी बाई होती का बाप्या, जिवंत का मेलेली, काही नाही. बारा कोसांवरचा माणूस, त्यानं तिला कधी बघितली नाही, अन् तिचा हात त्याला ठाऊक.

माझ्या आईनं तो हात सोडवायला काय काय केलं होतं. वाढताना तो तिच्याच पदराला बांधायची, म्हणायची, डाव्या हाताचं अन्न पितर नेतात. जेवणं, वाढणं, कुंकू लावणं, सगळं तिनं उजव्यानं शिकून घेतलं. कातायला मात्र मागच्या पडवीत जायची. तिथं कुणी बघत नव्हतं. डावरीचं सूत उलटं फिरतं हे मला चाळीस वर्षांत कळलं नाही. मला वाटायचं सूत म्हणजे सूत.

कासमनं गुंडा परत ठेवला. "नक्को. न्हाई होनार."

"का?"

त्यानं मला आत नेऊन माग दाखवला. जमिनीत खड्डा, त्यात विणणारा पाय सोडून बसतो, म्हणजे कमरेखाली मातीत अन् कमरेवर सुतात. मागावर कापड नव्हतं, पण फणीतून पांढऱ्या दोऱ्यांची वीतभर शेपटी लोंबत होती. तो म्हणाला, "मागचं कापड कापलं, की एवढं ठेवतो. माग रिकामा ठेवत न्हाई आमी. नवा ताणा, म्हंजे उभं सूत, आला की एकेक दोरा ह्या शेपटीला लावायचा. राख लावून चिमटीत लाटला की दोन्ही एक होतात. पन ते एका अंगाच्या पिळाचे असले तर. तुमचं उलटं हाय. मी लाटीन तिकडं तुमचा पीळ सुटंल. माझा माग तुमच्या सुताला धरनार न्हाई."

"मग काय करू ह्याचं?"

"वाती करा. दोर करा."

मला राग आला. मी म्हणालो, "वाती करायला बारा कोस चिखल तुडवला का मी? ऐका कासमभाई. हे जे लुगडं हाय ते पितरांच्या पंधरवड्यातलं हाय. आमच्यात ह्या पंधरवड्यात सगळं उलटंच. भट जानवं उलट्या खांद्यावर घेतो. पाणी बोटांवरून न सोडता अंगठ्यावरून सोडतो. मग सूत उलटं असलं तर चुकलं कुठं? ते त्याच्या ठिकाणावरच चाललंय."

कासम हसला. दात दोनच होते. "वकील हाय बुढ्ढा."

अमीनाबी चिंध्या ठेवून म्हणाली, "लाटून न्हाई जमत तर गाठी मारा की."

"हजाराच्या वर दोरे हायत. गाठी कोन मारंल? मेरेकू आंखें हैं क्या?"

"मला हायत," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "नाव काय तिचं?"

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात घेतलं असेल एकदा, तेही चारचौघींनी दार अडवल्यावर. मी इकडंतिकडं बघितलं अन् म्हणालो, "भागा."

"भागाबीचं सूत हाय, म्हनून बसते मी," ती म्हणाली. "न्हाईतर तुमचं तोंड बघून कोन बसतंय."

पाणी

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. कासमनं गुंडे उकलून आळीतल्या दोन निंबांच्या मधे ताणा लावला. मोजता मोजता थांबला.

"अठरा हात न्हाई निघत. बारा निघतील."

बारा हातांचं लुगडं कुणाला पुरतं? मी म्हणालो, काहीतरी करा.

"दोन रस्ते. गिरणीचं सूत घालू अर्धं. पन दोन पीळ दोन अंगांनी ओढतात, पहिल्या धुन्यात कापड मुरड घालंल. न्हाईतर हेच इरळ इनू, दोऱ्यात अंतर ठेवून. अठरा हात भरंल. खळ लावली की दिसायला दाट दिसंल."

मी त्याला ओढ्याकाठचं सांगितलं. लुगडं, पाणी, गोंदण. कुणाला सांगितलं नव्हतं, घरातसुद्धा त्यावर बोललो नव्हतो. त्याला का सांगितलं ठाऊक नाही. विणणारा होता, म्हणून असेल.

त्यानं ताण्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "घट्ट इनतो. बारा तर बारा." अन् थोड्या वेळानं, "आमच्यात मागावर बसायच्या आधी हातपाय तोंड धुऊन घेतात, नमाजाला धुतात तसं. बाप सांगायचा, तू इनतोस त्याच्यात कोन जनमंल, कोन मरंल, कोन त्याच्यावर माथा टेकंल, तुला ठाऊक न्हाई. म्हनून सगळ्यांसाठी एकदाच धू."

मी शेतकरी. देव कापडात असतो का हे मला सांगता येणार नाही. पण जन्मलेल्या पोराला आपण जुनेरात गुंडाळतो, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, अन् मेलेल्याला कोरं घालतो. मधल्या काळात माणूस कोऱ्याचं जुनेर करतो, दुसरं फार काही करत नाही. त्यातलं कोरं जर पाण्यात टिकत नसेल तर मग काय टिकतं?

आता एक गोष्ट लिहायची आहे ती लिहितो. मी त्यांच्या घरचं पाणी पीत नव्हतो. आमच्याकडं तशी रीत नाही. नदीवरून माझा लोटा भरून आणायचो, मशिदीपलीकडच्या पारावर तीन दगड मांडून भाकरी करायचो. पीठ अमीनाबीनं दिलं, कोरडा शिधा चालतो. पहिली भाकरी जळली, दुसरी तुटली, तिसरी दोन्ही झाली. ती येऊन बघून गेली. म्हणाली, "चाळीस वर्सं खाल्ल्या, एक करता येत न्हाई. भागाबी काय करायची, तुमी जेवताना आंखें बंद करायची?"

त्याच दुपारी ताण्याला खळ लावायची होती. तिनं ज्वारीच्या पिठाची पेज शिजवली. तिच्या चुलीवर, तिच्या मडक्यात, तिच्या रांजणातल्या पाण्यात. कासम कुंच्यानं ती पेज तांबड्या ताण्यावर ओढत होता अन् मी मडकं धरून त्याच्या मागं चाललो होतो. अमीनाबी दारातून म्हणाली, "बावा, सुताला आमचं पानी चाललं. त्याच्या मालकाला चालत न्हाई."

तिनं टोमणा म्हणून मारला, भांडण म्हणून नाही. हे लुगडं नवमीला सवाष्ण नेसणार, पितरांपुढं पानावर बसणार. ते तिच्या पेजेत नखशिखांत भिजलं होतं, अन् मला ते बाटलं असं वाटत नव्हतं. कापडाला जे चालतं ते मला का चालू नये, ह्याचा मी संध्याकाळपर्यंत विचार केला. मग रांजणाशी जाऊन पाणी प्यालो. पाणी पाण्यावाणीच होतं. गावात हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिलं.

गाठी

गाठी मारायला दीड दिवस लागला. अमीनाबी फणीच्या अंगाला बसली, पांढरी शेपटी मांडीवर घेऊन. मी समोर बसलो, तांबड्या ताण्याची टोकं दोन्ही हातांवर पसरून. एक एक दोरा मी बोटानं वेगळा करून पुढं करायचा, ती पांढऱ्याला गाठ मारायची. पांढरा, तांबडा, गाठ. पांढरा, तांबडा, गाठ. दुपारपर्यंत माझे खांदे दगड झाले.

ती म्हणाली, "हात उंच ठेवा. सवय दिसती तुमाला."

"हाय," मी म्हणालो.

तिनं मधेच विचारलं, भागाबी बोलायला कशी होती. मी म्हणालो, कमी बोलायची. ती म्हणाली, "खोटं. सूत इतकं सारखं हाय, ते गप्प बसून न्हाई होत. कातताना गात असनार." ती पडवीत गायची का? मला ऐकल्याचं आठवत नाही. पडवी मागं आहे, मी पुढं बसायचो.

गाठी संपल्या त्याच दिवशी कासम खड्ड्यात उतरला. जुम्याचा दिवस होता, दुपारची नमाज करून आला अन् बसला. धोटा इकडून तिकडं, फणीचा ठोका. त्याचे डोळे जवळजवळ मिटलेले. बोट कापडावर ठेवून तो विणत होता. पहिलं वीतभर झालं तेव्हा त्यानं मला बोलावलं, विणीखाली कंदील धरल्यावाणी आपला हात धरला अन् म्हणाला, "दिसतो का?" हात दिसला नाही.

दोन दिवसांत बारा हात झालं. कापल्यावर फणीत वीतभर तांबडी शेपटी राहिली. कासमनं ती बघून कपाळाला हात लावला. "म्हंजे पुढच्या कापडालाबी पुन्ना गाठी. बीबी, भागाबीनं तुझं काम काढलं."

अमीनाबी म्हणाली, "येऊ दे. बोलायला कुनी तरी."

मी लुगडं घडी करून घेतलं अन् निघालो. आळीच्या तोंडाशी आल्यावर मागं बघितलं नाही, पण त्या खड्ड्यावर तिची वीतभर शेपटी आहे अन् कुणाचं तरी पुढचं धोतर तिला गाठींनी लागणार आहे, हे बरोबर घेऊन चाललो. परतीच्या वाटेवर सांगण्यासारखं काही घडलं नाही. एक जोडा मात्र चिखलात गेला तो गेलाच.

नवमी

अष्टमीला घरी पोचलो. सुनेनं लुगडं उघडून हातानं मापलं. "आबा, बारा हात. हे कोण नेसंल?"

"बुटकी सवाष्ण बघ."

ती आधी हसली, मग खरंच विचार करायला लागली. गावातल्या सगळ्या सवाष्णी तिनं मनातल्या मनात उभ्या केल्या. ही उंच, ती जाड, ती कासोटा मोठा घालती. शेवटी म्हणाली, "तेल्याची ठकू."

ठकू उभी राहिली तर माझ्या काखेखालून जाते. तिचं अन् आमच्या हिचं जात्यावर जायचं-यायचं होतं. बोलावलं तर आली, म्हणाली, "मला कुणी कुठं पानावर बोलवत न्हाई, उंची बघून बोलावलं होय?"

सुनेनं न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, लुगडं दिलं. ठकू आत जाऊन नेसून आली. पुरलं. पदर जरा आखूड, पण डोक्यावर आला. ती पानावर बसली. भटानं जानवं उलटं घेतलं, पाणी अंगठ्यावरून सोडलं. मी समोर बसलो होतो. जेव म्हणालो. तिनं पोटभर खाल्लं, आमटी दोनदा घेतली. जाताना म्हणाली, "आबा, जड हाय पण लई ऊब हाय बघा. अंगावर कुणी तरी हात ठेवल्यावाणी."

मी म्हणालो, "धुवायचं कवा?"

"मानाचं लुगडं, उद्या सकाळी धुऊन ठेवीन. का?"

"काही न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्यावर गेलो. बायांच्या धुण्याची जागा, गडी तिकडं जात नाही. मला बघून दगडांवरचे आवाज थांबले. एक म्हणाली, "आबा, काल सवाष्ण जेवू घातली, आज तिचं धुणंबी धुवाया आलाव का?"

"कापड बघाया आलो," मी म्हणालो, अन् दगडावर बसलो.

बाया तोंड वळवून हसल्या अन् कामाला लागल्या. ठकूनं लुगडं पाण्यात टाकलं. ज्वारीची पेज सुटून पाणी गढूळ झालं, वाहून गेलं. मी ते गढूळ पाणी पार खाली जाईपर्यंत बघितलं. रंग हलला नाही. तिनं ओढून बाहेर काढलं तेव्हा एकटीला पेलेना. भिजून दुप्पट जड, अन् दोरा दोऱ्याला भिडून आणखी दाट झालेलं.

वाळवायला जागा नव्हती. काठाला सगळ्या बाभळी, काटे लागले असते. ठकूचा हात काही वर पोचत नाही. मी उठलो, उरलेला जोडा काढला अन् पाण्याच्या कडेला चिखलात उतरलो. तिच्या हातून लुगडं घेतलं, एक घडी केली अन् दोन्ही हात डोक्यावर नेऊन समोर धरलं. ठकू पलीकडच्या अंगाला गेली, तळव्यांनी सुरकुत्या ओढायला लागली. तिच्या मागून कोवळं ऊन सरळ आमच्यावर येत होतं. मी डोळे बारीक करून बघितलं. ऊन आलं नाही. पलीकडं कोण आहे हेही दिसलं नाही. कापडावर आतून तळवा फिरल्यासारखी हलकी हालचाल होत होती, तेवढीच.

ओलं लुगडं जड. माझे खांदे भरून आले, हात खाली यायला लागले.

"हात खाली करू नका," पलीकडून आवाज आला. "चिखलाला लागंल."

मी केले नाहीत. वाळेपर्यंत धरून उभा राहिलो.